चुकलेल्या उत्तराचं काय करायचं? : ख्रिस्ती शिक्षकाविषयी थोडंसं

(ज्यांना भाग ऐकायला जमत नाही, त्यांच्यासाठी हा लिखित मजकूर. बोलण्यातली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे, बाकी जसं बोलले तसंच ठेवलं आहे.)



जे पहिल्यांदाच ऐकताहेत त्यांच्यासाठी आधी माझी ओळख. नगर जिल्ह्यातल्या एका शाळेत मी एकोणतीस वर्षं गणित शिकवलं. आता निवृत्त आहे. दर रविवारी उपासनेच्या आधी मंडळीतल्या मुलांची शाळा घेते, म्हणजे आपण ज्याला संडे स्कूल म्हणतो ती.

गेल्या महिन्यात एका तरुण मुलीचा मला व्हॉट्सॲपवर निरोप आला. तिने लिहिलं होतं, "बाई, मी नुकतीच रविवारच्या शाळेत शिकवायला लागलेय. चांगला ख्रिस्ती शिक्षक व्हायला काय लागतं? तयारी कशी करू?"

मी तिला लांबलचक उत्तर लिहायला घेतलं. प्रार्थना करून वर्गात जा. धडा आधी तीनदा वाच. चित्रं वापर. मुलांची नावं पाठ कर. वेळेवर पोच. सगळं लिहून झालं, वाचून बघितलं, आणि पुसून टाकलं. त्यात खोटं काहीच नव्हतं. पण यातलं सगळं मी स्वतः वर्षानुवर्षं चोख करत होते, आणि तरीसुद्धा एका मुलाचं तोंड मी कायमचं बंद करून टाकलं होतं. मग तिला मी एवढंच कळवलं की थांब, याचं उत्तर मी पॉडकास्टवर देते. तर आजचा भाग त्या उत्तराचा.

साल १९९४. सहावीचा वर्ग. अपूर्णांकांची बेरीज चालू होती. फळ्यावर मी उदाहरण लिहिलं, एक छेद दोन अधिक एक छेद तीन. दुसऱ्या बाकावरच्या एका मुलाने जोरात हात वर केला. बघा, हे महत्त्वाचं आहे, त्याने आपणहून हात वर केला होता. मी म्हटलं, सांग. तो उभा राहिला आणि म्हणाला, "दोन छेद पाच."

वर एक आणि एक दोन, खाली दोन आणि तीन पाच. गणिताच्या कुठल्याही शिक्षकाला ही चूक ओळखीची असेल. दर वर्षी, दर वर्गात कुणीतरी ती करतंच.

मी काय म्हणाले माहितेय? "वा! आमच्या वर्गात आर्यभट्टच जन्माला आला म्हणायचा." वर्ग हसला. मीही हसले. मग दुसऱ्या मुलीला उठवलं, तिने छेद समान करून पाच छेद सहा हे बरोबर उत्तर दिलं, मी तिला शाबासकी दिली आणि पुढचं उदाहरण घेतलं. सगळं मिळून मिनिटभराचा प्रकार. माझ्या लेखी तो तिथेच संपला.

पोरं मात्र त्याला वर्षभर आर्यभट्ट म्हणून हाका मारत होती, आणि त्याने दहावीपर्यंत माझ्या तासाला पुन्हा हात वर केला नाही. पास होत गेला. वही नीटनेटकी असायची. मी त्याला गुणी, शांत मुलगा समजत होते. पालकसभेत त्याच्या आईला सांगितलंसुद्धा, "तुमचा मुलगा फार शांत आहे हो." आता तो शब्द आठवला की लाज वाटते. तो शांत नव्हता, गप्प झाला होता.

या मुलाकडे आपण परत येणार आहोत. तोवर एक प्रश्न मनात ठेवा. विद्यार्थी चुकतो, त्या क्षणी शिक्षक काय करतो? माझ्या मते शिक्षक परिणामकारक आहे की नाही, हे त्या दोन मिनिटांत ठरतं. बरोबर उत्तर देणाऱ्या मुलाला शिक्षकाची फारशी गरजच नसते. गरज असते ती चुकणाऱ्याला. आणि शुभवर्तमानं या नजरेने वाचायला घेतली, तर प्रभू येशूचे शिष्य म्हणजे चुकीची उत्तरं देणाऱ्यांचा एक वर्गच दिसायला लागतो.

मार्कच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय काढा. बावीस ते सव्वीस ही वचनं. बेथसैदा गावात एका आंधळ्या माणसाला येशूकडे आणतात. येशू त्याचा हात धरून त्याला गावाबाहेर नेतो. त्याच्या डोळ्यांना थुंकी लावतो, त्याच्यावर हात ठेवतो, आणि मग विचारतो की तुला काही दिसतंय का? तो माणूस वर बघतो आणि सांगतो की माणसं दिसताहेत, पण झाडांसारखी दिसताहेत, चालणाऱ्या झाडांसारखी.

मला हा माणूस फार आवडतो. कारण त्याच्या जागी मी असते तर म्हणाले असते, "हो हो, दिसतंय, छान दिसतंय, आभारी आहे." एवढ्या मोठ्या गुरूने हात ठेवल्यावर अर्धवट दिसतंय असं कोण सांगणार? आपल्या वर्गातली मुलंही हेच करतात. आपण विचारतो, "समजलं का?" आणि साठ मुलं एका सुरात ओरडतात, "हो बाई!" त्यातल्या वीस जणांना झाडंच दिसत असतात.

हा माणूस खरं सांगू शकला, याचं कारण मला त्या विचारण्यात दिसतं. येशूने असं विचारलं नाही की आता नीट दिसतंय ना? काही दिसतंय का, असं विचारलं. अर्ध्या उत्तराला त्या प्रश्नात जागा होती. शिवाय तो त्याला आधीच गर्दीतून बाहेर घेऊन आला होता. आणि उत्तर ऐकल्यावर रागावला नाही, विश्वास कमी पडला असं म्हणाला नाही. पुन्हा एकदा डोळ्यांवर हात ठेवले. मग त्याला स्पष्ट दिसू लागलं.

शिक्षकाच्या दृष्टीने यात पहिली शिकवण आहे. मुलाला कुठपर्यंत दिसतंय ते त्याच्याच तोंडून कळल्याशिवाय पुढचा हात कुठे ठेवायचा ते आपल्याला कळत नाही. चुकीचं उत्तर म्हणजे मुलाने आपल्याला दिलेला पत्ता असतो. दोन छेद पाच म्हणणाऱ्या त्या पोराने मला पूर्ण पत्ता दिला होता. त्याला बेरीज येत होती. अपूर्णांक म्हणजे एकावर एक ठेवलेल्या दोन सुट्या संख्या, असं तो समजत होता. वर्गातले निदान दहा जण तसंच समजत असणार, फक्त त्यांनी हात वर केला नव्हता. त्याने त्या सगळ्यांच्या वतीने पत्ता सांगितला, आणि मी त्या पत्त्यावर गेलेच नाही.

आता पेत्राकडे येऊ. मत्तयच्या चौदाव्या अध्यायात तो पाण्यावर चालायला निघतो, वारा बघून घाबरतो, बुडायला लागतो आणि ओरडतो. इथे येशू दोन गोष्टी करतो. त्याला विचारतो की अरे अल्पविश्वासी, संशय का धरलास? आणि हात पुढे करून त्याला धरतो. पण यातलं आधी काय आणि नंतर काय? आधी हात, नंतर प्रश्न. पेत्र पाण्यात असेपर्यंत त्याला कुणी उपदेश केला नाही.

आपण नेमकं उलट करतो. पोर गटांगळ्या खात असतं आणि आपण काठावरून विचारत असतो, "काल काय शिकवलं होतं? लक्ष कुठे होतं?" प्रश्न चुकीचा नसतो, तो विचारलाच पाहिजे. पण आधी हात.

मला वाटतं, ख्रिस्ती शिक्षकाचं वेगळेपण असेल तर ते इथे आहे. प्रेमळपणा ही काही आपलीच मक्तेदारी नाही. माझ्या शाळेत माझ्यापेक्षा कितीतरी प्रेमळ शिक्षक होते, ते कधी चर्चमध्ये गेलेले नव्हते, आणि त्यांच्याकडून मी पुष्कळ शिकले. पण आपण ज्या शुभवर्तमानावर विश्वास ठेवतो त्यात क्रम ठरलेला आहे. आपण सुधारलो आणि मग देवाने आपल्यावर प्रीती केली, असं ते सांगत नाही. आपण चुकीत असतानाच त्याने प्रीती केली, असं पौल रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात सांगतो. आधी कृपा, मग सुधारणा. रविवारी वेदीसमोर आपण हे मान्य करतो. सोमवारी फळ्यासमोर ते मान्य करायचं की नाही, एवढाच प्रश्न आहे.

आता कुणी म्हणेल, "बाई, म्हणजे चूक झाली तरी गोड बोलत राहायचं का? 'छान प्रयत्न, बाळा' म्हणायचं आणि सोडून द्यायचं?" नाही. हे मी ठासून सांगते, कारण हल्ली तसंही चालतं. चुकीला बरोबर म्हणणं हे प्रेम नव्हे. त्यात मुलाचा तर तोटा होतोच, शिवाय त्याला ते कळतंसुद्धा.

त्याच आठव्या अध्यायात पुढे बघा. पेत्र म्हणतो, तू ख्रिस्त आहेस. शंभर टक्के बरोबर उत्तर. आणि लगेच येशू आपल्या दुःखाविषयी, मरणाविषयी सांगू लागतो, तेव्हा हाच पेत्र त्याला बाजूला घेऊन दटावू लागतो. म्हणजे पेत्रालाही अर्धंच दिसत होतं, झाडांसारखी माणसं. तेव्हा येशूने त्याला फटकारलं, आणि इतर शिष्यांच्या देखत फटकारलं. त्याला सैतान म्हटलं. शुभवर्तमानात एखाद्या शिष्याला यापेक्षा कडक शब्द क्वचितच ऐकावे लागले असतील.

हे मी लपवणार नाही. गुरू कठोर बोलू शकतो. पण पान उलटा. नवव्या अध्यायाचं दुसरं वचन सांगतं की सहा दिवसांनंतर येशू तिघांना घेऊन उंच डोंगरावर गेला. कोण तिघे? पेत्र, याकोब आणि योहान. पहिलं नाव पेत्राचं. ज्याला सहा दिवसांपूर्वी एवढं बोलला, त्यालाच आपलं तेज दाखवायला घेऊन गेला.

म्हणून माझा एक हिशेब आहे. कठोर बोलण्याचा हक्क त्याच शिक्षकाला आहे, जो सहा दिवसांनी त्याच मुलाला सोबत घेऊन डोंगर चढायला तयार आहे. नुसतं बोलून सोडून देणाऱ्याला तो हक्क नाही. मी त्या मुलाला बोलले ते तर कठोरही नव्हतं, नुसता विनोद होता. पण नंतरच्या सहा दिवसांत, सहा महिन्यांत, चार वर्षांत मी एकदाही त्याच्या बाकापाशी जाऊन बसले नाही.

आणि योहानाचा एकविसावा अध्याय तर प्रत्येक शिक्षकाने वर्षातून एकदा वाचावा. पेत्राने तीनदा नाकारलंय. कुठे नाकारलं? महायाजकाच्या अंगणात, कोळशाच्या विस्तवाजवळ शेकत उभा असताना. आता पुनरुत्थानानंतर गालीलच्या समुद्रकाठी येशू शिष्यांची वाट बघतोय, आणि त्याने काय पेटवून ठेवलंय? कोळशाचा विस्तव. मूळ ग्रीकमध्ये यासाठी जो शब्द आहे तो अख्ख्या नव्या करारात या दोनच ठिकाणी येतो. अंगणात आणि किनाऱ्यावर.

आधी तो त्यांना न्याहारीला बोलावतो. भाकर आणि मासे. न्याहारी झाल्यावर पेत्राला विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस का? तीनदा विचारतो, जितक्यांदा तो नाकारून बसला होता तितक्यांदा. तिसऱ्यांदा विचारल्यावर पेत्राला वाईट वाटतं, असंही तिथे लिहिलंय. म्हणजे चूक झाकून टाकली नाही. बरोबर त्याच ठिकाणी बोट ठेवलं, पण पोटात अन्न गेल्यावर. आणि प्रत्येक उत्तरानंतर त्याला काम दिलं. माझी कोकरं सांभाळ, मेंढरं सांभाळ. नापास झालेल्या विद्यार्थ्याला शिक्षक केलं! त्याला कळून चुकलं होतं की चुकणं म्हणजे काय असतं. असा माणूस कोकरांना उगाच हिडीसफिडीस करणार नाही.

अजून एक छोटं उदाहरण, आणि हे संडे स्कूलच्या शिक्षकांसाठी खास. प्रेषितांची कृत्ये, अठरावा अध्याय. इफिसात अपुल्लोस नावाचा एक विद्वान येतो. वक्ता मोठा, शास्त्रात पारंगत, बोलण्यात आवेश. पण त्याला फक्त योहानाच्या बाप्तिस्म्याचीच माहिती आहे, म्हणजे ज्ञान अपुरं आहे. सभास्थानात प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला हे जोडपं ते ऐकतं. हे दोघे तंबू करणारे, कष्टकरी लोक. ते उभं राहून त्याला अडवत नाहीत. त्याला आपल्याकडे घेतात आणि देवाचा मार्ग अधिक नीट समजावून सांगतात. पुढे हाच अपुल्लोस करिंथच्या मंडळीला फार उपयोगी पडतो. भर सभेत त्याचा पाणउतारा झाला असता तर? कदाचित तो तसाच अर्धवट शिकवत राहिला असता, किंवा बोलायचाच थांबला असता. आपल्या मंडळ्यांतून असे किती अपुल्लोस गप्प बसलेत, देव जाणे.

आपल्या मराठी मातीतलंही एक उदाहरण देते. लक्ष्मीबाई टिळक. शाळेत गेलेल्या नाहीत. लहानपणी लग्न झालं, आणि लिहायवाचायला शिकवलं ते नवऱ्याने, रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी. टिळक काही शांत गुरुजी नव्हते, त्यांचा तापट स्वभाव 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. पण बायको अडाणी आहे म्हणून त्यांनी तिला बाजूला ठेवलं नाही. १९१९ साली टिळक गेले. त्यांचं 'ख्रिस्तायन' अपुरं राहिलं होतं. ते पुढे नेलं लक्ष्मीबाईंनी. गुरूचं अर्धं राहिलेलं काम शिष्येने हातात घेतलं. आणि 'स्मृतिचित्रे' वाचताना मला सगळ्यात काय भावतं सांगू? ही बाई स्वतःच्या फजित्या किती मोकळेपणाने सांगते! चुकण्याची जिला भीती उरली नाही, तीच असं लिहू शकते.

आणि थॉमस स्टीफन्स. हे इंग्रज जेझुइट पाद्री १५७९ मध्ये गोव्यात आले, इथल्या भाषा शिकले, आणि १६१६ मध्ये त्यांचं ओवीबद्ध मराठी 'ख्रिस्तपुराण' छापून निघालं. पण मला नेहमी वाटतं, त्या ओव्यांच्या आधीची वर्षं कशी असतील? तिशीतला एक शिकलेला माणूस, आणि 'पाणी दे' म्हणतानाही चुकत असणार. बाजारातली पोरं हसत असणार. ती वर्षं ज्याने सोसली, तो लोकांना त्यांच्या भाषेत शिकवू शकला. आपण शिक्षक मंडळी शेवटचं कधी चुकलो होतो, म्हणजे इतरांसमोर? नवीन काहीतरी शिकायला बसा, पेटी शिका, मोबाईलवर मराठी टाइप करायला शिका, आणि नातवंडं कशी हसतात ते बघा. वर्गात गेल्यावर आवाज आपोआप मऊ होतो.

आता वचन दिल्याप्रमाणे त्या मुलाकडे.

चारेक वर्षांपूर्वी आमच्या संडे स्कूलमध्ये एक आठ वर्षांची मुलगी यायला लागली. हुशार डोळे, पण तोंडातून शब्द नाही. काही विचारलं की खाली बघायची. तीन रविवार असे गेले. चौथ्या रविवारी तिचे वडील तिला न्यायला फाटकापाशी आले. मी ओळखलं. तोच मुलगा. आता त्याचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज आहे. त्याने वाकून सलाम केला, चौकशी केली. मी म्हटलं, "अरे, लेक तुझी बोलतच नाही बघ." तर तो हसून म्हणाला, "मीच सांगितलंय तिला, बाई. पक्कं माहीत असेल तरच तोंड उघड, नाहीतर गप बस. तुमच्याच वर्गात शिकलोय ना ते."

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. खरंच नव्हता. त्याला वाटत होतं, मी ही एक चांगली सवय त्याला लावली. माझ्या शिकवण्याचा परिणाम झाला नाही असं कोण म्हणेल? झाला की. पुढच्या पिढीपर्यंत पोचला.

याकोबाच्या पत्रात तिसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीला इशारा आहे की तुमच्यापैकी पुष्कळांनी शिक्षक होऊ नये, कारण शिक्षकांचा न्याय अधिक कडक होईल. आणि त्याच्या लगेच पुढे जिभेविषयी लिहिलंय, ती लहानशी असून केवढं रान पेटवते. हे दोन विषय शेजारी शेजारी का आहेत, ते मला त्या दिवशी फाटकापाशी उभं राहून कळलं.

त्या आठवड्यात मी त्याच्या घरी गेले. सोपं नव्हतं हो. निवृत्त बाई, गावात मान, आणि आपल्याच विद्यार्थ्याच्या ओसरीवर बसून म्हणायचं की माझं चुकलं. पण म्हटलं. आर्यभट्टाची आठवण करून दिली, माफी मागितली. तो इतका अवघडला! "काय बाई तुम्ही पण, ते केव्हाचं जुनं झालं. लहानपणी असं चालतंच." विषय बदलला, चहा सांगितला.

चहा झाला. मी निघाले, तर दारापाशी म्हणाला, "बाई, एक विचारू? दोन छेद पाच चूक का होतं, ते मला अजून कळलेलं नाही. छेद समान करायचे ते कळलं, तसं करून पासही झालो. पण माझं चुकलं कुठे?"

माणूस रोज हातात अर्धा इंची, पाव इंची पाने घेऊन काम करतो, आणि सव्वीस वर्षं तो प्रश्न मनात घेऊन बसला होता. विचारायला जागाच नव्हती.

मी परत आत जाऊन बसले. त्याच्या बायकोने एक भाकरी आणून दिली. अर्धी भाकरी मोडून ताटात ठेवली. मग म्हटलं, "आता यात आणखी एक तृतीयांश भाकरी घातली, तर अर्ध्यापेक्षा जास्त होईल की कमी?" तो म्हणाला, "जास्तच की." "मग दोन छेद पाच अर्ध्यापेक्षा जास्त आहे की कमी?" त्याने बोटांवर केलं. पाचाचा अर्धा अडीच. दोन तर अडीचपेक्षा कमी. ताटाकडे बघत राहिला, मग एकदम हसला. "म्हणजे घालून कमी झाली! एवढंच होतं होय?"

एवढंच होतं. दोन मिनिटं लागली. १९९४ मध्येही दोनच लागली असती.

मुलगी दारात उभी राहून हे सगळं बघत होती. आपल्या बापाला बाईंसमोर चुकताना आणि हसताना तिने पाहिलं. पुढच्या रविवारी लगेच बोलायला लागली असं काही झालं नाही. दोनेक महिने गेले. एकदा चांगल्या शोमरोन्याची गोष्ट चालली होती. चित्र दाखवून मी विचारलं, या जखमी माणसाचा खरा शेजारी कोण ठरला? आणि तिने हात वर केला. म्हणाली, "ते गाढव."

पोरं खदखदून हसली. माझ्याही ओठांवर हसू आलं होतं, खोटं कशाला बोलू? पण या वेळी मी विचारलं, "कसं काय, सांग बरं." ती म्हणाली, "त्यानेच तर पाठीवर घेतलं ना."

मुलं गप्प झाली. मी म्हटलं, "बरोबर आहे, पाठीवर घेणारा तो शेजारी. आता सांगा, गाढवाच्या आधी कुणी त्याला उचललं?" चार हात वर झाले. त्या दिवशीचा धडा मी ठरवला होता त्यापेक्षा चांगला झाला, आणि तो त्या चुकलेल्या उत्तराने झाला.

तर निरोप पाठवणाऱ्या माझ्या लेकी, हे तुझ्यासाठी. तयारी कर, प्रार्थना कर, चित्रं ने. पण चुकीचं उत्तर आलं की आधी एक श्वास घे. मग 'चूक' म्हणायच्या आधी 'कसं काय?' विचार. दोनच शब्द आहेत. शाळेतले शिक्षक म्हणतात, साठ मुलं आणि पस्तीस मिनिटांचा तास, वेळ कुठून आणायचा? खरी अडचण आहे, मी ती एकोणतीस वर्षं भोगलीय. पण टोमणा मारायलाही तेवढाच वेळ लागतो. मुलाचं ऐकून घेतल्यावर जे चूक आहे ते चूक म्हणून स्वच्छ सांग. जास्त समजवायचं असेल तर प्रिस्किल्ला आणि अक्विल्लासारखं बाजूला घेऊन सांग. आणि कडक बोललीस, तर सहा दिवसांच्या आत त्या मुलाकडे परत जा.

आणि तुझं चुकलं तर वर्गासमोर म्हण, "माझं चुकलं." मुलांचा आदर कमी होईल ही भीती मला फार होती. तो कमी होत नाही. उलट मुलांना तेव्हा कळतं की या खोलीत चुकायला परवानगी आहे.

आज ऐकणाऱ्यांपैकी कुणाला आपला एखादा गप्प झालेला विद्यार्थी आठवला असेल, तर या आठवड्यात त्याला एक फोन करा. मुलगा चाळीस वर्षांचा झाला असला तरी करा. आणि कुणाला आपल्याला गप्प करणारे गुरुजी किंवा बाई आठवल्या असतील, तर त्यांच्या वतीने मी तुमची माफी मागते. जो प्रश्न तेव्हा राहिला, तो आता कुणाला तरी विचारा.

प्रभू, आमच्या जिभा तुझ्या हातात असोत, आणि आमच्यासमोर बसलेल्या लेकरांना आमची भीती न वाटो. आमेन.

पुढच्या भागात पुन्हा भेटू. सलाम.